संगणकाच्या गाभ्याची भारपरीक्षा

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीच्या मंदिरामुळे बीड जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असलेले गाव. उन्हाळ्याच्या तोंडावर तेथे परिसरातील काही शिक्षकांशी गप्पा मारण्याचा योग आला. बोलता बोलता एका शिक्षकांनी आपली अडचण सांगितली. शाळेतला संगणक शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, ऐन दुपारी, तीन वेळा आपोआप बंद पडला. अर्धवट भरलेले अर्ज गेले. एका मुलीचा अर्ज त्या दिवशी जाऊ शकला नाही. सरांचा प्रश्न साधा होता : "घेताना दुकानात तासभर चालवून पाहिला होता. तेव्हा काही तक्रार नव्हती. मग दुकानातला तो तास खोटा होता का?"

शेजारी बसलेले एक वयस्क गुरुजी हसून म्हणाले, "बाजारात फिरवून दाखवलेला बैल आणि कुळवाला जुंपलेला बैल यांत फरक असतोच की!"

संगणकशास्त्राला हा धडा सहजासहजी मिळालेला नाही. यंत्र रिकामे असताना चालते, म्हणून ते भाराखालीही चालेल असे नाही. आणि कागदावर किंवा नकली यंत्रावर बरोबर ठरलेली आज्ञावली खऱ्या यंत्रावर बरोबर ठरेलच असेही नाही. हे शहाणपण कसकसे येत गेले, त्याची ही हकिकत.

गाभा म्हणजे काय?

संगणक सुरू केल्यावर आपल्याला पडद्यावर चित्रे आणि खिडक्या दिसतात. त्यांच्या खाली, नजरेआड, एक आज्ञावली सतत काम करत असते. तिला कार्यप्रणालीचा गाभा किंवा 'कर्नल' म्हणतात. शाळेत वर्ग पुष्कळ आणि प्रयोगशाळा एकच असते, तेव्हा मुख्याध्यापक वेळापत्रक लावतात. गाभ्याचे काम असेच आहे. प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, थोडे आणि कामे शेकडो. प्रत्येक कामाला सेकंदाचा छोटासा अंश द्यायचा, त्याची वेळ संपली की त्याला थांबवून दुसऱ्याला बसवायचे, स्मृतीतील जागा वाटून द्यायची, एकाच्या जागेत दुसऱ्याला शिरू द्यायचे नाही, हे सारे गाभा करतो. शिवाय कळफलक, चकती, जाळे यांच्याकडून कोणत्याही क्षणी हाक येते. वर्ग चालू असताना दारावर टकटक व्हावी तशी. ती ऐकून पुन्हा जेथे होतो तेथे यायचे, आणि मधल्या काळात काहीही विसरायचे नाही.

चुका नेमक्या येथेच लपतात. एक उदाहरण घेऊ. शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत ५० किलो तांदूळ शिल्लक आहे. एका शिक्षकांनी नवा आलेला २० किलो जमा करायचा आहे, दुसऱ्यांनी १० किलो खर्ची टाकायचा आहे. दोघांनीही एकाच वेळी वही पाहून ५० हा आकडा वाचला. पहिल्यांनी ७० लिहिले. दुसऱ्यांनी लगेच ते खोडून ४० लिहिले. खरी शिल्लक ६० हवी. दोघांचेही गणित अचूक आहे, तरी नोंद चुकली. आता गंमत अशी की, दोघे वेगवेगळ्या वेळी आले तर ही चूक कधीच होणार नाही. वर्षभर वही बरोबर राहील आणि गर्दीच्या एखाद्याच दिवशी बिघडेल. गाभ्यातील चुका बहुधा या जातीच्या असतात. त्या बाहेर काढायच्या तर गर्दी मुद्दाम करावी लागते. तीच भारपरीक्षा.

या परीक्षेत संगणकावर एकाच वेळी शेकडो कामे सोडतात. स्मृती जवळजवळ काठोकाठ भरतात. फाइली लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात. जाळ्यावरून निरोपांचा मारा करतात. हे तासन् तास, कधी दिवसेंदिवस चालू ठेवतात. मग दोन प्रश्न विचारतात. गाभा उभा राहिला का? आणि उत्तरे बरोबर आली का? गणित शिकवताना आपण उत्तराचा ताळा करायला सांगतो. येथे ताळा भाराखाली करायचा असतो.

नळ्यांच्या काळापासून

यंत्राला मुद्दाम त्रास देऊन पाहण्याची कल्पना आजच्या कार्यप्रणालींपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली 'व्हर्लविंड' हा संगणक तयार झाला आणि १९५१ साली चालू लागला. त्यात सुमारे ५ हजार निर्वात नळ्या होत्या. नळी हळूहळू कमजोर होत जाते, पण पूर्ण निकामी होईपर्यंत कळत नाही. तेव्हा या मंडळींनी युक्ती केली. ठरावीक वेळी विद्युत्दाब मुद्दाम नेहमीपेक्षा कमीजास्त करायचा आणि त्या स्थितीत तपासणीची आज्ञावली चालवायची. धडधाकट नळी हा फरक सोसते, आजारी नळी लगेच चुकते. ती आजच बदलली की उद्या ऐन कामात दगा देत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला 'टीआयएफआरएसी' हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्याचे नामकरण १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्यातही सुमारे २७०० नळ्या होत्या. आजच्या अर्थाने गाभा त्या यंत्रात नव्हता. एका वेळी एक काम आणि ते करणारा माणूस थेट यंत्रापाशी. अशा काळात उत्तर चुकले तर पहिला प्रश्न पडे : चूक माझ्या आज्ञावलीची की यंत्राची? पुढे माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये गाभा आला, आणि दोन संशयितांचे तीन झाले.

चंद्रावर उतरताना

२० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे चांद्रयान उतरत असताना त्यातील संगणकाने '१२०२' ही धोक्याची सूचना दिली. पाठोपाठ ती पुन्हा आली, मग '१२०१' आली. अर्थ असा होता की, हाती घेतलेली कामे ठेवायला संगणकाकडे जागा उरलेली नाही. या संगणकात कामांचे वाटप करणारी एक छोटी आज्ञावली होती. तिला आजच्या गाभ्याची आजी म्हणायला हरकत नाही.

भार कोठून आला? कक्षेतील मूळ यानाचा माग काढणाऱ्या रडारचा आणि संगणकाचा वीजपुरवठा वेगवेगळा होता. दोन्हींची वारंवारता तीच, सेकंदाला ८००. पण दोन्ही लहरी एकमेकींशी कलेने जुळवलेल्या नव्हत्या. त्यामुळे रडारचा कोन बदलत नसतानाही तो थरथरतो आहे असा भास संगणकाला होई आणि सेकंदाला १२,८०० पर्यंत खोटी स्पंदने मोजली जात. एक स्पंदन मोजायला ११.७ मायक्रोसेकंद लागत. वर्गात हा गुणाकार करून पाहावा. १२,८०० गुणिले ११.७ म्हणजे सुमारे दीड लाख मायक्रोसेकंद, अर्थात प्रत्येक सेकंदातील ०.१५ सेकंद. संगणकाचा पंधरा टक्के वेळ चोरीला जात होता, आणि उतरण्याच्या गर्दीत तेवढा वेळ शिल्लक नव्हता.

ज्या सरावयंत्रांवर अंतराळवीर शिकले, त्यांत हा फरक नव्हता. तो त्यांत घातलेलाच नव्हता, मग सरावात दिसणार कोठून? आपल्याला जे ठाऊक आहे तेवढेच आपण नकली यंत्रात घालू शकतो. खऱ्या यंत्रात मात्र आपल्याला ठाऊक नसलेलेही असते.

यान वाचले ते दुसऱ्या एका दूरदृष्टीमुळे. जागा संपली तर कमी महत्त्वाची कामे टाकून द्यावीत आणि यान चालवण्याची कामे जेथे होती तेथून पुन्हा सुरू करावीत, अशी सोय रचनाकारांनी आधीच करून ठेवली होती. भार कोठून येईल हे त्यांना माहीत नव्हते. पण तो कधीतरी येणार, हे त्यांनी धरले होते.

मंगळावरील किल्ली

४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्यातील संगणक अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला आणि त्या दिवशीची उरलेली कामे लांबणीवर पडू लागली.

कारण समजण्यासाठी पुन्हा शाळेत जाऊ. कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे. मुख्याध्यापक तिच्यासाठी थांबले आहेत. इतक्यात एका शिक्षकांनी शिपायाला दुसऱ्या कामाला पाठवले. किल्ली त्याच्या खिशातच राहिली. शाळेतील सर्वांत महत्त्वाचे काम आता मधल्या दर्जाच्या कामामुळे अडून बसले. पाथफाइंडरमध्ये हवामानाची माहिती गोळा करणारे खालच्या दर्जाचे काम, संदेशवहनाची मधली कामे आणि माहितीवाहिनी सांभाळणारे वरच्या दर्जाचे काम यांच्यात हेच घडत होते. वरचे काम वेळेत झाले नाही की यंत्रणा घाबरून सर्व काही नव्याने सुरू करी.

पृथ्वीवर या यानाची हुबेहूब प्रतिकृती ठेवलेली होती. अभियंत्यांनी तिच्यावर तशाच भाराखाली, प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवत, तोच बिघाड होईपर्यंत काम चालवले. बिघाड झाला आणि नोंदींतून कारण सापडले. उपाय छोटा होता. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला, मुख्याध्यापक थांबलेले असेपर्यंत, मुख्याध्यापकांचाच दर्जा द्यायचा, म्हणजे त्याला मध्येच कोणी पिटाळणार नाही. ही सोय गाभ्यात होतीच, फक्त बंद ठेवलेली होती. ती पृथ्वीवरून चालू करण्यात आली.

या प्रसंगातील बोचरा भाग वेगळाच आहे. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही संगणक एक-दोनदा असाच पुन्हा सुरू झाला होता. पण तो प्रकार पुन्हा करून दाखवता आला नाही, म्हणून मागे पडला. प्रयोगशाळेत एखादे वाचन इतरांशी जुळले नाही की विद्यार्थी ते खोडतो. आपण त्याला खोडू नको, लिहून ठेव, असे का सांगतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पुण्याचे महासंगणक

आता महाराष्ट्रात येऊ. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा समांतर महासंगणक उभा केला. ६४ छोट्या प्रक्रियकांनी काम वाटून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. हे प्रक्रियक 'ट्रान्सप्युटर' जातीचे होते. कामांना पाळीपाळीने बसवण्याची, म्हणजे एरवी गाभ्याने करायची, व्यवस्था या प्रक्रियकाच्या अंगातच कोरलेली होती. गाभा कोठे संपतो आणि यंत्र कोठे सुरू होते, ही रेषा येथे पुसट झाली. अशा यंत्रावर 'आज्ञावली वेगळी तपासली, यंत्र वेगळे तपासले, झाले' असे म्हणताच येत नाही. दोन्ही एकत्र जुंपूनच पाहावी लागतात.

प्रक्रियकांची संख्या वाढली की आणखी एक अडचण येते. ती संभाव्यतेच्या साध्या गणितातून कळते. समजा, एक यंत्र मोठे काम न बिघडता पुरे करण्याची शक्यता ९९.९ टक्के आहे. ६४ यंत्रे एकत्र घेतली तर सर्वच न बिघडण्याची शक्यता ०.९९९ चा ६४ वा घात, म्हणजे सुमारे ९४ टक्के. यंत्रे १८०० असतील तर ती १६ ते १७ टक्क्यांवर येते. प्रत्येक भाग उत्तम असूनही सबंध यंत्र बहुतेक वेळा अडखळेल.

टाटा समूहाच्या एका कंपनीने पुण्यात उभारलेल्या 'एका' या महासंगणकात साधारण १८०० यंत्रे जोडलेली होती आणि त्यांवर लिनक्स ही कार्यप्रणाली चालत होती. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत तो चौथा आला. त्याची नोंदलेली गती होती सेकंदाला ११७.९ लाख कोटी क्रिया. ही यादी ज्या परीक्षेवर आधारलेली असते ती 'लिनपॅक' नावाची. तिच्यात रेषीय सहसमीकरणांची एक अवाढव्य मालिका सोडवायची असते. दोन चलांची सहसमीकरणे आपण फळ्यावर सोडवतो. येथे चले लाखांनी असतात. शेवटी आलेली उत्तरे मूळ समीकरणांत घालून ताळा करतात. मधल्या काळात एक यंत्र थांबले, एका गाभ्याने हाय खाल्ली किंवा स्मृतीतील एक अंक उलटला, तरी निकाल हाती येत नाही. वर्तमानपत्रांत क्रमांक छापून आला. पण तो क्रमांक हे एका मोठ्या भारपरीक्षेचे प्रमाणपत्रही होते.

आजही खरे यंत्र का?

लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतलेला लिनक्सचा गाभा आज भ्रमणध्वनीपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र आहे. त्याच्या तपासणीसाठी मोठे चाचणीसंच तयार झाले आहेत. कॉलिन किंग यांचा 'स्ट्रेस-एनजी' हा त्यांतला एक नावाजलेला. बऱ्याच चाचण्या आता आभासी संगणकावर, म्हणजे एका यंत्राच्या पोटात आज्ञावलीने रचलेल्या दुसऱ्या यंत्रावर घेतल्या जातात. ते स्वस्त पडते, आणि बिघडले तर पुसून नवे करता येते. गाभ्यातील निव्वळ तर्काच्या पुष्कळ चुका तेथेच सापडतात. पण आभासी यंत्र तापत नाही. त्याची चकती कुरकुरत नाही. त्याच्या स्मृतीतील विद्युत्भार गळत नाही.

२०१४ साली काही संशोधकांनी दाखवून दिले की, अनेक संगणकांच्या स्मृतीतील एकच ओळ अतिशय वेगाने पुन्हा पुन्हा वाचली तर शेजारच्या ओळीतील अंक आपोआप उलटतात. भिंतीला पलीकडून सतत ठोकत राहावे आणि आपल्या खुंटीवरची टोपी पडावी, तसा हा प्रकार. गाभ्याने दोन कामांमध्ये घातलेली भिंत तर्काने भक्कम होती. विजेने ती भेदली. कोणताही तर्क हा दोष दाखवू शकला नसता, कारण तो तर्काचा नव्हता, पदार्थाचा होता.

दुसरे उदाहरण २०२१ सालचे. फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या हजारो संगणकांपैकी एकाची हकिकत प्रसिद्ध केली. १.१ चा ५३ वा घात घेऊन पूर्णांक ठेवा, असे सांगितले की त्या यंत्रातील एक प्रक्रियक शून्य हे उत्तर देई. खरे उत्तर १५६. गणनयंत्रावर मुलांना करून पाहू द्यावे. तो प्रक्रियक बंद पडत नव्हता, तक्रार करत नव्हता. बाकीची पुष्कळ गणिते बरोबर करत होता. असा दोष शोधायला एकच मार्ग उरतो. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी पुष्कळ गणिते प्रत्येक खऱ्या यंत्राला पुन्हा पुन्हा घालायची.

परीक्षेची मर्यादाही सांगायला हवी. चाचणीने चूक आहे हे सिद्ध होते, चूक नाही हे सिद्ध होत नाही, असे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा बजावत असत. दहा तास टिकलेले यंत्र अकराव्या तासाला पडू शकते. तरीही दहा तास जुंपून पाहिलेल्या यंत्रावर आपण अधिक विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास आंधळा नसतो.

पुन्हा तलवाड्याला

त्या शाळेतील संगणकाकडे आम्ही याच क्रमाने गेलो. आधी सर्व कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या. भारपरीक्षेत माहिती जाऊ शकते, म्हणून ही पायरी कधीही चुकवू नये. मग यंत्र नुसते चालू ठेवले. तासभर काही झाले नाही. तो दुकानातला तास. नंतर स्मृती तपासणारी आज्ञावली लावली. ती स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक अंक लिहिते आणि परत वाचून ताळा करते. अर्धा तास सर्व ठीक. दुपार चढली, पेटी हाताला गरम लागू लागली, आणि चाळिसाव्या मिनिटाला चुका दिसू लागल्या. पेटी उघडली तेव्हा पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि कापसाचे तंतू यांचा थर होता.

येथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम पाळला. प्रथम फक्त पंखा साफ केला. चुका उशिराने आल्या, पण आल्या. मग स्मृतीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली. चुका थांबल्या. पट्ट्यांची अदलाबदल केली, तशा परत आल्या. दोष एका पट्टीत होता, आणि उष्णतेने तो उघडा पडत होता. गाभ्याचा दोष नव्हताच. स्मृतीतील गोंधळ लक्षात येताच चुकीचे काही लिहिण्यापेक्षा थांबलेले बरे, म्हणून तो थांबत होता. ज्याला सर्वांनी गुन्हेगार धरले, तो खरे तर पहारेकरी होता.

सरांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. दुकानातला तास खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. 'हे यंत्र चालते का?' आणि 'हे यंत्र मार्चच्या दुपारी, चाळीस अर्ज एका बसणीत भरताना चालते का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्या दिवशी यंत्रावर एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती अवलंबून असेल, त्या दिवसाच्या आधी दुसरा प्रश्न विचारून ठेवावा.

पट्टी बदलल्यावर सरांनी संगणकाशेजारी एक वही ठेवली आहे. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नववीची दोन मुले भारपरीक्षा घेतात आणि तारीख, वेळ, खोलीचे तापमान व निकाल तिच्यात लिहितात. न जुळलेली नोंद खोडायची नाही, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.